खाली घेतलेल्या गाडीला चाकं कोणती? साताऱ्याच्या रस्त्यांवरचा हिशेब

गाडी खाली घ्यायची (स्प्रिंग बदलून उंची कमी करायची) ठरली की बहुतेक जण आधी रिम घेऊन मोकळे होतात. मग त्या रिमवर चढेल तो टायर शोधायचा, आणि टायर मडगार्डला घासायला लागला की स्प्रिंगकडे बघायचं. हा क्रम उलटा आहे. गाडी किती खाली येणार हे आधी ठरवा. त्यावरून टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) किती उंच हवी ते ठरेल, टायरवरून रिमची रुंदी आणि ईटी (चाक किती आत किंवा बाहेर बसतं तो आकडा). रिमचा पॅटर्न सगळ्यात शेवटी.

सोसायटीच्या फरशीवर उभ्या गाडीत कुठलंही चाक छानच दिसतं. खरी परीक्षा यवतेश्वर घाटातल्या आखूड वळणावर होते: स्टीअरिंग पूर्ण वळलेलं, आत चौघे, डिकीत सामान आणि बाहेरच्या बाजूचं चाक नेमकं खड्ड्यात. त्या क्षणी जे कुठेही टेकत नाही ते चाक गाडीला बसलं म्हणायचं.

उदाहरण म्हणून पोलो घेऊ, कारण आपल्याकडे खाली घेतलेल्या गाड्यांत ती बरीच दिसते. मूळ चाक असं धरा: ६जे × १५ रिम (६ इंच रुंद, १५ इंच व्यासाची), ईटी ४०, टायर १८५/६० आर१५. पद्धत कुठल्याही गाडीला हीच. आकडे मात्र तुमच्या रिमच्या पाठीवर कोरलेले घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्येही ते वेगळे असतात.

गाडी किती खाली घ्यायची

रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मि.मी. धरा. ३५ मि.मी. खाली घेतली की उरले १३०. चौघे बसले आणि डिकी भरली की आणखी ३०-४० जातात, म्हणजे पोटाखाली उरले ९०-१००. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सें.मी. उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. इतक्या पसरट उंचवट्यावर गाडी हळूहळू चढते, म्हणून ती एक वेळ निघून जाईल. गावाच्या वेशीवर रातोरात उभे राहणारे गतिरोधक मात्र तेवढेच उंच आणि अर्धा-पाऊण मीटर रुंद असतात. पुढची चाकं उतरतात, मागची अजून अलीकडेच असतात आणि गतिरोधक बरोबर पोटाखाली येतो. आधी सायलेन्सरचा पाइप घासतो, मग इंजिनखालचं कव्हर.

म्हणून रोज वापरायच्या गाडीला सातारा-सांगली पट्ट्यात २५ मि.मी. पुरे. ३५ त्याच्यासाठी, जो बहुतेक वेळा एकटा किंवा दोघंच फिरतो आणि हायवे सोडत नाही. त्याहून खाली जायचं तर उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा जोड) घ्या, म्हणजे जुलैत गाडी वर घेता येईल.

मूळ स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली घेणं सर्रास चालतं. ते करू नका. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. शिवाय चाक हवेत लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडते आणि जागेवरून सरकते. घाटात एक चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा नेमकं हेच होतं. लोअरिंग स्प्रिंग घेताना ती मूळ शॉकअपवर चालते की आखूड शॉकअप लागतात, ते विचारा. बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की चाल अडवणारा रबराचा तुकडा) कापायला सांगितला असेल तर सांगितलाय तेवढाच कापा. तो पूर्ण काढला तर टायर थेट मडगार्डपर्यंत जाईल, आणि मग पुढचा सगळा हिशेब फुकट.

स्प्रिंग बसवल्यावर गाडी ५०० किलोमीटर चालू द्या. स्प्रिंग आणि बुश (सांध्यांतले रबर) बसतात, उंची आणखी काही मि.मी. उतरते. चाकांची मापं त्यानंतर घ्या.

टायर: आधी व्यास, मग साइडवॉल

हिशेब सोपा आहे. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात साइडवॉलची दुप्पट मिळवायची. १८५/६० आर१५ मध्ये साइडवॉल म्हणजे १८५ चे ६० टक्के, १११ मि.मी. ३८१ अधिक २२२, एकूण व्यास ६०३ मि.मी. नवा टायर यापासून तीन टक्क्यांच्या आत ठेवा. व्यास वाढला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो आणि चाक मडगार्डच्या आत आणखी वर जातं. व्यास कमी झाला की आधीच खाली आलेली गाडी अजून खाली जाते.

पर्याय असे पडतात. १९५/५५ आर१५ चा व्यास ५९५.५, साइडवॉल १०७. १९५/५० आर१६ चा ६०१.४, साइडवॉल ९७.५. २०५/५० आर१६ चा ६११.४, साइडवॉल १०२.५. २१५/४० आर१७ चा ६०३.८, म्हणजे व्यास जवळजवळ मूळचाच, पण साइडवॉल ८६. २०५/४० आर१७ ला साइडवॉल फक्त ८२ उरते.

फोटोत सगळ्यात देखणा दिसतो तो १७ इंची, आणि पावसाळ्यात सगळ्यात आधी रडवतो तोही तोच. खड्ड्याच्या कडेवर टायर दाबला जातो तेव्हा रिम आणि कड यांच्यात फक्त साइडवॉल असते. ती पुरली नाही तर दोनपैकी एक होतं. रिमची आतली कड वाकते, किंवा साइडवॉलमधले धागे तुटून टायरला बाहेरून फुगा येतो. वाकलेली कड बाहेरून दिसत नाही, हवा हळूहळू उतरते आणि आपण पंक्चर शोधत बसतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही, तो बदलायचाच. खाली घेतलेल्या गाडीत हा धोका आणखी वाढतो, कारण सस्पेन्शनची चाल आधीच कमी झालेली असते आणि उरलेला दणका टायरला सोसावा लागतो. कास, बामणोली, महाबळेश्वर अशा वाटांवर नेहमी जाणाऱ्याने १५ इंचीवर १९५/५५ घ्यावा. बाकीच्यांनी १६ वर थांबावं. २०५/५० ची साइडवॉल १९५/५० पेक्षा बरी, पण त्याचं चाक त्रिज्येत मूळपेक्षा ४ मि.मी. मोठं आहे. ते ४ मि.मी. मडगार्डमध्ये आहेत का, हे मोजल्याशिवाय घेऊ नका.

मापापुढचा आकडा कोणी वाचत नाही, तो लोड इंडेक्स. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. नव्या टायरचा आकडा मूळपेक्षा कमी चालणार नाही. १७ इंची टायर बहुधा एक्सएल (एक्स्ट्रा लोड, जास्त भाराचे) असतात आणि इथे लोक फसतात. एक्सएल टायर आपला पूर्ण भार ४२ पीएसआयला उचलतो, साधा टायर ३६ ला. म्हणजे ८४ एक्सएलमध्ये जुन्याच ३२ ची हवा ठेवली, तर आकडा तोच असूनही तो जुन्या ८४ एवढं वजन पेलत नाही. खांद्यावर झिजतो आणि तापतो. एक्सएल घेतला तर दाराच्या स्टिकरवरच्या हवेत किमान २-३ पीएसआय वाढवा आणि हवा थंड टायरमध्येच मोजा.

घेताना टायरवरचा चार आकडी शिक्का बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. 'नवीन माल' म्हणून दाखवलेल्या टायरचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा असेल तर दुसरं दुकान गाठा.

रिमची रुंदी आणि ईटी

प्रत्येक टायरला रिमची ठरलेली रुंदी असते. १९५/५५ आर१५ आणि १९५/५० आर१६ ला ५.५ ते ७जे, २०५/५० आर१६ ला ५.५ ते ७.५, २१५/४० आर१७ ला ७ ते ८.५. अरुंद टायर ताणून रुंद रिमवर चढवायची फॅशन आहे. त्यात रिमची कड टायरच्या बाहेर येते आणि पहिल्याच फुटपाथला सोलून निघते.

आता ईटी. रिमच्या रुंदीची बरोबर मधली रेषा आणि हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या भागाला) टेकणारा सपाट भाग, यांतलं मि.मी.मधलं अंतर म्हणजे ईटी. आकडा मोठा तर चाक आत, लहान तर बाहेर. लोक फक्त ईटी बघतात, रुंदीकडे दुर्लक्ष करतात. दोन्ही एकत्र धरावे लागतात:

बाहेरची बाजू = (रिमची अर्धी रुंदी) वजा ईटी
आतली बाजू = (रिमची अर्धी रुंदी) अधिक ईटी

मूळ ६जे म्हणजे १५२.४ मि.मी., अर्धी ७६.२. बाहेर ३६.२, आत ११६.२.

७जे ईटी ३८ घेतली तर अर्धी रुंदी ८८.९. बाहेर ५०.९, म्हणजे मूळपेक्षा १४.७ मि.मी. बाहेर. आत १२६.९, म्हणजे १०.७ मि.मी. आत. ७जे ईटी ३५ घेतली तर मूळपेक्षा बाहेर १७.७, आत ७.७. ७.५जे ईटी ४५ घेतली तर बाहेर १४ आणि आत तब्बल २४. 'ईटी मोठा आहे, बाहेर येणार नाही, घासणार नाही' असं म्हणून घेतलेली ही शेवटची रिम शॉकअपच्या नळीला टेकते. हे टेकणं बाहेरून कुणालाच दिसत नाही, म्हणून टायरची आतली भिंत कापली जाईपर्यंत पत्ता लागत नाही.

टायरची खरी रुंदी लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरते. २०५ चा टायर ७जे वर २१५ च्या पुढे जातो, कारण रिम अर्धा इंच वाढली की टायर साधारण ५ मि.मी. पसरतो. एकदम काठावरचा हिशेब करू नका.

ईटी फार कमी करण्याचा आणखी एक तोटा आहे आणि तो आपल्याकडे जरा जास्तच जाणवतो. चाक बाहेर गेलं की स्टीअरिंग रस्त्याच्या प्रत्येक रेघेमागे ओढ घेतं. ऊस हंगामात कारखान्याच्या वाटेवर भरलेल्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत अशी गाडी दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागते. मूळच्या ईटीपासून ५-७ मि.मी.पेक्षा खाली जाऊ नये, असं माझं मत.

जुनी रिम घेत असाल आणि ईटी वाचता येत नसेल, तर रिम पालथी घालून कडेवर पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबच्या सपाट भागापर्यंत मोजा. त्यातून रिमच्या कडा-ते-कडा रुंदीचा अर्धा भाग वजा केला की ईटी. कडा-ते-कडा रुंदी ही 'जे'च्या आकड्यापेक्षा सुमारे एक इंच जास्त असते.

नट-बोल्ट: इथे चूक महाग पडते

पीसीडी (बोल्टच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) जुळला म्हणजे काम झालं असं नाही. पोलोला ५×१००, मधलं भोक ५७.१ मि.मी. बाजारातल्या बऱ्याच रिमचं भोक ७३.१ असतं, म्हणून ७३.१ ते ५७.१ अशी हब रिंग घालावी लागते. ती चाक बरोबर मध्ये बसवण्यापुरती आहे, वजन पेलायला नाही. पण ती नसेल तर ८०-१०० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं आणि तीन वेळा बॅलन्सिंग करूनही थांबत नाही. घाट उतरताना ब्रेक फार तापत असतील तर प्लास्टिकऐवजी अॅल्युमिनियमची रिंग घ्या आणि तिला हलकं ग्रीस लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी रिम हबला चिकटून बसते.

दुसरी गोष्ट बोल्टची बैठक. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मूळ बोल्टची बैठक गोल, चेंडूसारखी असते. बाजारातल्या बहुतेक रिमना ६० अंशांचा कोन असतो. गोल बोल्ट कोनात घातला तर तो एका बारीक कड्यावरच टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण काही दिवसांत सैल होतो. रिमबरोबर त्याच बैठकीचे एम१४×१.५ (१४ मि.मी. जाड, आट्यांमधलं अंतर १.५ मि.मी.) बोल्ट घ्या. होंडाच्या मूळ नटांचीही बैठक गोल. आट्यांचंही तसंच: मारुतीला एम१२×१.२५, होंडा आणि ह्युंदाईला एम१२×१.५. एकाचा नट दुसऱ्याला दोन वेढे जातो, मग पान्याने दाबला की आटे मरतात.

स्पेसर घालायचाच असेल तर हबवर नीट बसणारा, मधली कड असलेला घ्या आणि तेवढेच लांब बोल्ट. बोल्ट किमान ७-८ वेढे आत गेला पाहिजे. फार लांब झाला तर मागच्या बाजूने निघून आतल्या भागांना घासतो, म्हणून बोल्ट आवळल्यावर चाक हाताने फिरवून बघा.

रिमवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १६१९२ हा मानक क्रमांक शोधा. रिम किती किलो भार पेलते तोही आकडा पाठीवर असतो.

टायर चढवण्याआधी मोकळी रिम बसवून बघा

दुकानदार मोकळी रिम परत घेतो, टायर चढवलेली घेत नाही. म्हणून आधी टायर न चढवता रिम पुढच्या हबला लावा. ब्रेक कॅलिपर आणि स्पोक यांच्यात किमान ३ मि.मी. हवेत. रिमची आतली बाजू आणि शॉकअपची नळी यांत टायरचा फुगवटा धरून ५-६ मि.मी. उरले पाहिजेत.

टायर चढल्यावर चाचणी अशी. सपाट जागी पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक १० सें.मी. उंच लाकडी ठोकळ्यांवर चढवा. गाडीत चौघे बसवा, डिकीत ५० किलोचं एक पोतं. मडगार्डच्या आतल्या कडेला, प्लास्टिक लायनरवर आणि बंपरच्या कोपऱ्याजवळ मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे गोळे चिकटवा. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मग ठोकळे उलट कोपऱ्यांना लावून पुन्हा तेच. क्ले जिथे दबला तिथे उरलेली जाडी मोजा. मडगार्डच्या कडेजवळ ८-१० मि.मी. हवेत, कारण वळणावर टायर आडवा झुकतो आणि बुशही दबतात. या सगळ्यात नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी हात किंवा डोकं घालू नये.

स्प्रिंग बसवताना गॅरेजमध्ये शॉकअप सुटलेला असतोच. त्या वेळी स्प्रिंगशिवाय शॉकअप लावून चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत उचलून बघितलं, तर ठोकळ्यांची गरज राहत नाही. मेकॅनिकला अर्धा तास जास्त द्या, पुढचे सहा महिने वाचतात.

मागच्या मडगार्डची आतली कड घासत असेल तर ती आत वळवता येते. हीट गनने रंग गरम करून, हबला लागणाऱ्या रोलरने, चार-पाच फेऱ्यांत थोडी थोडी. थंड पत्र्यावर हातोडी मारली की रंग तडकतो आणि आपल्या पावसात पहिल्याच वर्षी गंज. वळवलेल्या कडेला प्रायमर आणि सीलर लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. आणि कड वळवून मिळतात जेमतेम ५-८ मि.मी., त्याहून जास्त घासत असेल तर रिम चुकली आहे.

आवळणं, अलाइनमेंट, चाचणी

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. आट्यांना तेल लावू नका. बोल्ट हाताने चढवा, एक सोडून एक चांदणीसारखे आवळा, आणि शेवटचा ताण चाक जमिनीवर असताना टॉर्क पान्याने द्या. पोलोला १२० न्यूटन-मीटर, होंडाला १०८. १२० म्हणजे ४० सें.मी. लांब पान्याच्या टोकावर साधारण ३० किलो जोर. टायरवाल्याची गन याच्या दुप्पट मारू शकते, म्हणून गनने फक्त टेकवायला सांगा. ५०-१०० किलोमीटरनंतर, चाक थंड असताना, पुन्हा तपासा.

गाडी खाली आली की लोअर आर्मचा कोन बदलतो, त्याबरोबर टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल). टायर खातो तो मुख्यतः टो. पुढच्या चाकांचा टो शून्याजवळ, फार तर एकूण १ मि.मी. आत. कॅम्बर उणे अर्धा ते उणे दीड अंश चालतो, पण डावं-उजवं सारखं हवं. पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, तिथे अलाइनमेंट मशीनवर फिरवायला काहीच नसतं. मागचं बिल कोणी लावलं तर काय केलं ते विचारा. हजार किलोमीटरनंतर तळहात टायरवर आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागलं तर टो चुकला आहे.

चाचणीसाठी समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट किंवा वाई-पाचगणीचा पसरणी घाट. आधी एकट्याने, मग चौघांनी. काचा उघड्या, गाणी बंद. वळणावर 'खर्रर्र' आवाज आला तर थांबून टायरचा खांदा बघा, चकचकीत पट्टा दिसेल. तो पट्टा कुठे आहे त्यावरून काय टेकतंय ते कळतं: बाहेरच्या खांद्यावर असेल तर मडगार्ड, आतल्या भिंतीवर असेल तर शॉकअप किंवा लायनर.

महाबळेश्वरहून परत आल्यावर स्टीअरिंग अचानक हलायला लागलं तर लगेच बॅलन्सिंगला पळू नका. रिमच्या आत लाल चिखल वाळून बसलेला असतो, तो पाण्याच्या जोराने धुवा.

कागदाचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावणारी गाडी रस्त्यावर लगेच नजरेत भरते. विमा कंपनीला रिमची माहिती लेखी द्या, क्लेमच्या वेळी बिल मागतात.

आणि स्टेपनी. तिची रिम अजून मूळची लोखंडी आहे, गोल बैठकीची. नव्या रिमचे कोनाचे बोल्ट तिला बसत नाहीत. म्हणून मूळचे पाच बोल्ट कापडात गुंडाळून डिकीत, स्टेपनीच्या मधल्या खोबणीत ठेवून द्या.